रेशमावर सुईची भोकं राहतात

माझ्या पोटाचा घेर वाढला यात माझा दोष नाही, असं मी घरी सांगत असतो. कोणी मानत नाही, ती गोष्ट वेगळी. पण त्या घेरापायी पँट कमरेत सैल करून घ्यायला गेलो आणि एका वकीलसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर रक्त सांडून आलो, हा दोष मात्र शंभर टक्के माझाच. टेबलावर शिंप्याची मोठी कात्री दिसली की माझे हात शिवशिवतात. पँटचा एक दोरा लोंबत होता. म्हटलं, आपणच कापू. दोरा तसाच राहिला, बोट कापलं.

"काका, बोट वर धरा! वर! शर्टावर नाही!"

ही टाचणी, आमच्या गल्लीतली शिंपीण. तिचं हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. अंगानं तशीच बारीक, बोलणंही तसंच, आणि ओठांत कायम चारदोन टाचण्या. त्या तिनं हातावर काढल्या, शर्ट गार पाण्यात टाकला, वर मीठ चोळलं. "गरम पाणी घातलं की रक्त शिजतं. मग डाग जन्माचा," असं पुटपुटत तिनं माझ्या बोटाला चिंधी बांधली. बांधून झाली तरी चिंधीवरच्या लाल ठिपक्यावरून तिची नजर हलेना.

"अगं, शर्टाचं मी बघतो काय ते..."

"काका, तुमचा ब्लड ग्रुप कोणता?"

"बी पॉझिटिव्ह. का गं? एवढं काही गेलं नाही."

"तुम्हीपण पॉझिटिव्ह. सगळं जगच मेलं पॉझिटिव्ह!" असं म्हणून तिनं टाचण्या परत ओठांत धरल्या.

बोलायचं नसलं की ती हेच करते. टाचण्या धरलेल्या बाईला कोण कशाला प्रश्न विचारेल? मी विचारला नाही. मला रक्ताकडे बघवत नाही, म्हणून स्टुलावर बसून भिंतीकडे बघत राहिलो. शेवटी तीच बोलली. आधी दार लोटून घेतलं, कारण आत सासूबाई होत्या, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

लग्न नवं होतं तेव्हा दिवस राहिले होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची कंपनी नुकतीच बंद पडलेली. दोघांनी विचार करून गर्भपात करून घेतला. त्याचं तिला ओझं नव्हतं. "तेव्हा तेच बरोबर होतं," असं तिनं शर्ट पिळता पिळता सरळ सांगितलं. त्या दवाखान्यात तिचा रक्तगट कोणी विचारला नाही, आणि तिनंही सांगितला नाही, कारण तिलाच तो माहीत नव्हता. आता नवऱ्याचं काम चांगलं चाललंय, मूल हवंय, म्हणून या वेळी सगळं रीतसर करायचं ठरवून दोघं आधीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथं कळलं, ही निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह.

"म्हणजे काय होतं?"

"पोटातलं मूल बापावर गेलं, तर त्याचं रक्त माझ्या रक्ताला परकं वाटतं. मागच्या वेळी लगेच एक इंजेक्शन द्यायला हवं होतं. ते दिलं नाही. तेव्हा थोडं जरी रक्त मिसळलं असेल, तर माझ्या रक्तानं त्याच्याशी वैर धरलं असेल. पुढचं बाळ आलं की माझंच रक्त त्याच्या रक्तावर उठणार."

"असेल, तर. नसेलही."

"ते तपासून कळतं. चिठ्ठी लिहून दिलीय. माझाच पाय निघत नाही."

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "दुसऱ्यांच्या पोरांची झबली किती दिवस शिवणार गं?" टाचणीनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं टेबलावरचा सुती ब्लाउज उचलला, त्याची कच्ची शिलाई सर्रकन उसवली आणि माझ्यापुढे धरला.

"बघा. आहे खूण?"

"नाही."

"मला वाटायचं तेही असंच. कच्चं होतं, उसवलं, संपलं." मग तिनं शेजारचं रेशीम उजेडाकडे धरलं. उसवलेल्या जागी बारीक भोकांची रांग चमकत होती. "रेशमावर सुईची भोकं राहतात, काका. कितीही इस्त्री मारा. आता मी सुती की रेशमी, हे मला काय माहीत?"

मी आयुष्यभर कोपरखळ्या मारण्यापलीकडे काही केलेलं नाही. आज मात्र उठून चपला घातल्या.

"चल, तपासायला मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्हाला धरायला आणखी एक माणूस लागेल."

पण निघाली. लॅबमध्ये तिचं रक्त घेताना मी भिंतीवरचं पंख्याचं बटण न्याहाळत होतो. ती सुईकडे टक लावून बघत होती, शिंपीणच ती. फक्त मोकळा हात सारखा ओठांकडे जात होता. तिथं टाचण्या नव्हत्या.

रिपोर्ट यायचा त्या दिवशी नवराही आला, कामाच्या ग्रीस लागलेल्या कपड्यांत. दोघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाहेर बाकावर मी बंद दाराकडे बघत होतो. माझी पँट नव्यानं सैल केलेली, तरी दर मिनिटाला कमरेचं बटण चाचपत होतो.

दार उघडलं. आधी नवरा आला. ग्रीसच्याच हातानं त्यानं डोळे पुसले, त्यामुळे चेहरा भुतासारखा झाला. "नाहीये काका! रक्तात तसलं काही तयार झालेलं नाही. दिवस राहिले की परत तपासायचं, सातव्या महिन्यात इंजेक्शन, आणि बाळंतपण झालं की बाळाचं रक्त बघून लगेच दुसरं. या वेळी विसरायचं नाही, बस्स!"

मागून टाचणी आली. पांढरीफटक. पदराचं टोक मुठीत घट्ट.

"अगं, सुती निघालीस की!" मी म्हटलं. "मग आता कसली भीती?"

"आता खरंच मूल होईल ना, त्याची."