गुडघ्याएवढा उंबरा

सहलीला म्हणून गेले आणि संतापून परतले. मामेबहीण रेखा कधीची बोलावत होती, म्हणून मेअखेरीस नाशिकहून नवापूरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, वर खिडकीची जागा, म्हणजे चैनच. कोंडाईबारीचा घाट उन्हाळ्यातही बघण्यासारखा आहे. विसरवाडीला ढाब्यावर शेवभाजी खा. तिखट कमी सांगितलंत तरी तिखटच येते.

रेखाच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिला तिथंच राहायचंय. नंदुरबार जिल्ह्यातलंच, हल्ली स्वतःला शहर म्हणवून घेणारं गाव. तिच्या दारात पोचले आणि ठेचकाळलेच. चौकटीत विटांची गुडघ्याएवढी भिंत! हा म्हणे उंबरा.

झालंय असं, की गल्लीत दर काही वर्षांनी जुना रस्ता न खोदता त्यावरच काँक्रीट ओततात. रस्ता वर चढतो, घरं खाली जातात आणि पावसाचं पाणी सरळ माजघरात. मग प्रत्येक घर उंबऱ्यावर विटांचा एक थर चढवतं आणि हळदकुंकू वाहून त्याची पूजाही करतं. रेखाच्या दारात असे तीन थर आहेत. पाणी थांबलंय खरं, पण तिच्या सासूबाई काशीआजी यांचे गुडघे गेलेत. रेखा दिवसभर शाळेत शिकवते, नवरा सुरतेला कामाला, आणि आजी त्या भिंतीमागे एकट्या.

"पानी मझार येत नही, अन् मी भाईर जात नही," आजी हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. एखाद्या वर्षी पाणी त्यावरूनही आत आलं, तर त्या निघणार कशा?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गल्लीत खडी पडलेली. कामावरच्या साहेबांना गाठलं. आधी जुना थर काढा, गटार बांधा, असं म्हटलं तर म्हणाले, आराखड्यात पुराचा विचार केलेला आहे.

"म्हणूनच तर रस्ता उंच करतोय, मॅडम. रस्त्यावर पाणी थांबणार नाही."

"मग ते जाणार कुठं?"

साहेबांना तेवढ्यात फोन आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही आपल्याच पैशानं! मी तिथंच आवाज चढवला. गल्लीतले चारजण जमले, चहा पाजून मला शांत केलं. त्याचाही रागच आला. तुम्ही शांत कसले बसताय?

घरी येऊन हे लिहायचं टाळत होते. काल रेखाचा फोन आला. रस्ता झाला, उंबऱ्यावर चौथा थर चढला. पूजेचं ताट घेऊन ती आजींकडे गेली, तर त्यांनी हळदकुंकू वाहायला साफ नकार दिला.

"उंबरा ओलांडाले ऱ्हास," त्या म्हणाल्या, "हाई ते भीत शे." उंबरा ओलांडण्यासाठी असतो, ही तर भिंतच आहे.

तिकडे पाऊस लागलाय. रेखा सकाळीच शाळेत जाते, आणि आजी घरात एकट्या असतात.