नळीतला बुडबुडा

"दाब!" मी चाकाशी बसून ओरडले.

"दाबलाय. ओरडू नकोस गं, बहिरी नाही मी," आत्या गाडीतून म्हणाली.

तिच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक मी स्वतः उघडून नवे बसवले होते. आता आम्ही दोघी त्यांतली हवा काढत होतो. चाकाच्या ब्रेकला लावलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल आलं आणि त्यात मोहरीएवढा बुडबुडा सरकला. असा एखादा आतच राहिला, तर ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबणार नाही.

ज्याला आपलं यंत्र उघडता येत नाही तो त्याचा गुलाम, असं मी माझ्या स्वावलंबनाच्या प्रचारपत्रकांत ठणकावून छापलं आहे. आजही मला ते खरंच वाटतं. पण माझं पत्रक वाचून कुणाचा जीव धोक्यात येत नव्हता. आत्या मात्र माझ्या हातांवर विसंबून निघणार होती, आणि आमच्या फाटकाबाहेर लगेच घाटाचा उतार लागतो. स्वावलंबनाला एवढी भीती चिकटलेली असते, हे मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला नळीत एकही बुडबुडा दिसला नाही.

"झालं ना? काढू गाडी?" आत्याने विचारलं. "तू केलंयस म्हणजे प्रश्नच नाही."

त्या भरवशानेच मी पुन्हा नळीकडे वळले.

"थांब," मी म्हटलं, "पुन्हा एकदा दाब."