पप्पांची दहा मिनिटं आणि माझं लॉगिन

मंडळी, आज दुपारभर डोकं फिरलं होतं.

संशोधनाचे संदर्भ साठवायला मी ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन वापरते. वसईच्या केळीबागांवरचं माझं सगळं वाचन त्यातच आहे. पाचपर्यंत माझ्या गाईड मॅडमना संदर्भांची यादी पाठवायची होती आणि हे मला आतच घेईना! पासवर्ड बरोबर, पण फोनमधलं ॲप दाखवतं तो कोड दर वेळी चुकीचा. पासवर्ड बदलला, एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकलं. तेच.

शेवटी मदतीच्या पानावर वाचलं, कोड फोनच्या वेळेवरून बनतो, फोनची वेळ तपासा.

माझा फोन दहा मिनिटं पुढे होता.

"पप्पा, माझ्या फोनला हात लावलात?"

"मग? रविवारी चर्चमध्ये मिस्साला उशिरा आलीस. घरातली सगळी घड्याळं पुढे आहेत, तुझंच एक मागे कशाला?"

वेळ नीट केली, लॉगिन झालं, यादी पाचच्या आत गेली.

पण मग घरातल्या सगळ्या घड्याळांच्या मागे पडलेला फोन बघून मला चैनच पडेना. उद्या लॉगिन पुन्हा अडणार हे माहीत असूनही मीच तो दहा मिनिटं पुढे केला.

असं फक्त आमच्याच घरी होतं का हो?