लिंबाला टांगलेली चप्पल

गच्चीत माझ्याकडे एका कुंडीत गवती चहा आहे आणि पत्र्याच्या पिंपात कागदी लिंबाचं झाड. गवती चहा कुणीही कापून न्यावा, थोड्याच दिवसांत तो पुन्हा हजर. त्यामुळे त्याच्या बाबतीत मी अगदी उदार. शेजारच्या नलूताई तर रोज सकाळी कात्री घेऊनच वर येतात.

लिंबाचं तसं नाही. कितीतरी वर्षं नुसता पाला आणि काटे. यंदा कुठे एक फळ धरलं. तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. पाण्याची टाकी धुवायला आलेला माणूस उगाच का रेंगाळला? नलूताईंची कात्री चहावर आणि डोळे पिंपाकडे का? शेवटी फळत्या झाडाला बांधतात तशी एक जुनी चप्पल मी फांदीला टांगली. नजर लागायला नको.

आज नलूताईंनी ती पाहिली. म्हणाल्या, "बरं केलंत हो. नजर काय, कुणाचीही लागते." आणि लिंबाकडे पाठ करून, अवघडत खाली बसून त्यांनी पाती कापली. जाताना निम्मी माझ्याच हातात ठेवली. "चहात टाका," म्हणाल्या.

रोज कापला जाणारा तो चहा कुणाच्या नजरेने कधी सुकला नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

त्या गेल्यावर मी सवयीने लिंबाकडे वळले. दिवसातून कितीदा वळते, कोण जाणे. चप्पल वाऱ्यावर हलत होती, आणि तिच्यासमोर टक लावून उभी असलेली मी एकटीच होते.