मांजरीची दृष्टी आणि धाकटी जाऊ

आमच्या मांजरीला दिसत नाही, हे मला माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं. मांजरी माझी होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मुकुंदवाडी स्टेशनाजवळ भिजलेलं पिल्लू सापडलं, ते मी पदरात घालून आणलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. अकरा वर्षं ती माझ्या पायाशी झोपली. जाऊ पिशोरहून नांदायला येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

"ताई, हिला दिसत नाय," भाकरी थापता थापता ती म्हणाली.

"काहीतरीच. म्हातारी झालीय ती."

"म्हातारी व्हय, पण बघा तरी. भिंतीला अंग लावून चालती. उंबऱ्यापाशी पाय चाचपती. आन् भर उन्हात बसली तरी डोळ्यातली बाहुली मोठी, काळीभोर. उन्हात ती रेघेवानी बारीक व्हायला पाहिजे."

तिनं हात धुतले, देवघरातल्या कापसाचा बोळा केला आणि मांजरीच्या डोळ्यांपुढं वरून सोडला. बोळा मिशांसमोरून खाली आला. मांजरीनं मानसुद्धा हलवली नाही. मग जावेनं फरशीवर नख वाजवलं, तेव्हा तिचे कान झटकन वळले.

खोटं कशाला सांगू, आधी मला राग आला. वाईट नंतर वाटलं.

दुपारी आम्ही दोघी तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून असं आहे?"

"कालपासून," मी म्हणाले.

"आठ दिवस तरी झाले," जाऊ म्हणाली. मग माझ्याकडं बघून हळूच, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल."

बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, पायाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. म्हाताऱ्या मांजरांचाही रक्तदाब वाढतो, हे मला तिथं कळलं. त्यानं डोळ्यांचा आतला पडदा सुटला होता. पहिल्या एक-दोन दिवसांत आणली असती तर कदाचित थोडी नजर राहिली असती, असं त्या म्हणाल्या. आता रोज गोळीचा तुकडा द्यायचा, दर महिन्याला तपासायचं, आणि घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही.

घरी येताच जावेनं सगळं अंगावर घेतलं. जिन्याच्या तोंडाशी फळी लावली. ताटली, पाण्याचं वाडगं आणि वाळूचं घमेलं यांच्या जागा ठरवून दिल्या. "हात लावायच्या आधी बोला, नाहीतर दचकती," असं तिनं माझ्या नवऱ्यालासुद्धा बजावलं. नव्या नवरीच्या हातात डझन डझन बांगड्या. ती चालली की घरभर किणकिण. महिन्याभरात मांजरी त्या किणकिणीमागं फिरायला लागली आणि रात्रीची तिच्या खोलीत झोपायला लागली.

मी शहागंजातून तसल्याच हिरव्या बांगड्या भरून आले. अंगणात हात हलवला. मांजरी आली, माझी बोटं हुंगली आणि परत फिरली. घरात कुणी नव्हतं, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात मी पाण्याचं वाडगं उचलून माझ्या खोलीत नेलं. तहान लागली की माझ्याकडं येईल, एवढाच विचार. त्या रिकाम्या जागी ज्वारीची पत्र्याची कोठी सरकवली. मांजरी नेहमीसारखी सरळ, बिनधास्त चालत आली आणि कोठीवर आपटली. नाकातून रक्त आलं. ती पलंगाखाली शिरली ती संध्याकाळपर्यंत बाहेरच आली नाही.

"वाडगं कुणी हलवलं?" जावेनं विचारलं.

"मी."

"फरशी पुसायला?"

ती मला वाट काढून देत होती. मी हो म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

"नाही," मी म्हणाले. "ती माझ्याकडं यावी म्हणून."

जाऊ पलंगाखाली हात घालून बसली होती. मग म्हणाली, "माझ्या बाबाचे डोळे गेले तवा घरात कुणाला कळलं नव्हतं. घर पाठ होतं त्यांना. एक दिवस वहिनीनं बाज हलवली आन् ते पडले." मग मान वर करून, "ताई, तुमच्या चालण्याचा आवाजच येत नाय. तुम्ही कुठं हायेत ते तिला कळायचं कसं? बोलत जा तिच्याशी."

मी मुळात अबोल बाई. पण बोलायला लागले. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, काय सुचेल ते. मांजरी हळूहळू माझ्याकडंही येऊ लागली. रोज नाही, पण येऊ लागली. गोळी मात्र माझ्याच हातून घ्यायची. जावेला तिनं त्यापायी दोनदा ओरबाडलं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

पुढं जाऊ बाळंतपणाला पिशोरला गेली. मांजरी दोन दिवस तिच्या बंद दाराशी बसून राहिली. फोन लावावा असं पहिल्या दिवशीच मनात आलं होतं, लावला तिसऱ्या दिवशी.

"जेवती का ती?" जावेनं विचारलं.

"तूच विचार," म्हणून मी फोन मांजरीजवळ जमिनीवर ठेवला. जाऊ तिकडून बोलायला लागली. मांजरीनं कान टवकारले, मग फोनला डोकं घासायला लागली. त्या दोघींचं होईपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.