पियानो वर चढवला तो दिवस

बायको जाऊन वर्षही भरलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. नव्वदनंतरची सालं. तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलून, शेवटी हमालांच्या टोळीचा मुकादम होऊन मी रिटायर झालो होतो आणि कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चूकभूल होईल.

आमच्या सेक्टरात म्हाताऱ्यांचा संघ होता. गुडघे गेलेल्या माणसांना बसाय-उठायला, व्यायाम करायला तळमजल्यावर एक खोली हवी होती. त्यासाठी पैसे जमवायला अध्यक्षांनी पियानोचा कार्यक्रम ठरवला. बेलापूरच्या एका शाळेतल्या संगीताच्या बाई फुकट वाजवणार होत्या, पियानोही शाळेचाच. हॉल मात्र पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

अध्यक्ष घरी आले. म्हणाले, "मुकादम, तुमच्या टोळीशिवाय ते धूड वर जायचं नाही."

"घरात दुखवटा आहे. गाण्याबजावण्याला मी येत नाही."

"ऐकू नका. नुसता चढवून द्या."

मला वाटलं, भजनातल्या पेटीसारखं काहीतरी असेल, थोडं मोठं. टेम्पोत बघतो तर कपाटाएवढं. जुने गडी गोळा केले, गोणपाट गुंडाळलं, दोर बांधला आणि चढवला. ओरखडा नाही पडू दिला.

खाली आलो तर जिन्याशी म्हाताऱ्या बायका थांबलेल्या. एक म्हणाली, "पेटी चढली. आता आमाला कोण चढवणार?"

आमच्यातला एक गडी म्हणाला, "तुमी काय त्या पेटीपेक्षा जड हाय का, मावशी?"

"बघ की उचलून. गोणीला लावता तो हूक तेवढा लावू नको, मेल्या."

सगळे हसले. हॉलातली लाकडी खुर्ची आणली. दोघांनी मागून धरायची, दोघांनी पुढून. एकेक करून सगळ्या वर नेल्या. शेवटची होती आमच्या बिल्डिंगीतली तळमजल्यावरची बाई, माझ्या बायकोची मैत्रीण. तिनं खुर्चीचा हात धरायचा सोडून माझा खांदा धरला. हळूच म्हणाली, "भावजी, तिला एकदा असं खाली आणलं असतं तर."

मी पायऱ्यांकडं बघत चढत राहिलो.

बायकोचे गुडघे गेले तेव्हापासून ती खिडकीत बसून असायची. ही मैत्रीण खाली कट्ट्यावर. दोघी ओरडून बोलायच्या, सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जायचं. एकदा बायको मला म्हणाली, "खाली न्या की मला. एवढ्या गोणी उचलल्या, मी काय त्याच्याहून जड?" मी म्हटलं, "लोक हसतील." आमच्या साताऱ्याकडं नवरा पुढं चालायचा, बायको मागं. शेजारी शेजारीसुद्धा चाललो नाही कधी. तिला उचलून चार बिऱ्हाडांसमोरून न्यायचं, हे मला जमेना. ती हसली. पुन्हा एकदा म्हणाली, तेव्हा मी पायात चपला घालून बाहेर गेलो. नंतर तिनं विचारलं नाही.

वर नेलेल्यांना खाली आणायचं होतं, म्हणून मी दाराजवळ बसून राहिलो. बाई वाजवायला लागल्या. त्यात शब्द नाहीत, काय सांगतायत ते कळायचा प्रश्नच नाही. कधी जोरात वाजायचं, कधी घरात कोणी झोपलंय म्हणून डबे हळू सरकवावेत तसं. मला आवडलं. ते जास्त टोचलं. घरात दुखवटा, आणि मी इथं पायानं ठेका धरलेला.

शेवटी अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. "आज ज्यांनी पियानो आणि आपल्या माता-भगिनी वर आणल्या, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार." मला ढकलत पुढं नेलं. माइक हातात आला.

मी म्हटलं, "मला शाल नको. माझ्या बायकोला खाली यायचं होतं. माझ्या अंगात ताकद होती. मी तिला आणलं नाही."

अध्यक्ष म्हणाले, "बघा, किती साधा माणूस," आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. संगीताच्या बाईंनी उभं राहून हात जोडले. शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी खरं सांगितलं तर मला मोठं करून ठेवलं.

उतरवताना पहिल्यांदा मैत्रिणीला घेतलं. जिन्याच्या वळणावर हात बदलायला खुर्ची टेकवली. ती म्हणाली, "तिथं सांगून काय उपयोग. तिला सांगायचं होतं, भावजी."

"काय म्हणाली असती?"

"काय म्हणणार. म्हणाली असती, मग आता उचला."

गडी म्हणाले, "मुकादम, धरा." माझे हात वर येईनात. "थांबा रे जरा," म्हटलं. वर जिन्यावर बाकीच्या ताटकळल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "दमले वाटतं. वय झालं आता."

मैत्रिणीनं पुन्हा माझा खांदा धरला, आणि मी खुर्ची उचलली.