विमलाचा जोडरस्ता

विमलाला चारचौघांत रडता येतं हे आमच्या गावाला तिचा साईश गेल्यावर कळलं. आणि एकदा कळल्यावर गावाने ते वाया जाऊ दिलं नाही.

पाळी गावाच्या अलीकडे आमचा वाडा, म्हणजे घरांची एक वस्ती. गोवा राज्य होऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती आणि खाणींची नुसती चंगळ चालली होती. उजाडायच्या आत खनिजाचे टिपर सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. रस्ता घरांच्या ओसऱ्यांना चिकटून. तुळस लाल, दोरीवरचे कपडे लाल, थुंकी लाल. तरी कुणी तोंड उघडत नसे, कारण निम्म्या घरांची चूल त्या टिपरांवरच पेटायची. विमलाचा नवरा यशवंत मूळचा दोडामार्गकडचा. सरपंच गोकुळदासच्या पदरी टिपर चालवायचा.

साईश अडीच वर्षांचा होता. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, पाव घ्यायला पोर अंगणातून धावलं, आणि समोरून टिपर आला. टिपर यशवंतचा नव्हता, एवढीच काय ती देवाची दया.

लहान पोरांना आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन जातात, आई उंबऱ्याच्या आत राहते. तिला जागा दाखवत नाहीत आणि तिनेही विचारायची नसते. विचारलं तर म्हणे पुढचं मूल जगत नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे काजूंच्या उतारावर नेतात, एवढंच बायकांना ठाऊक. तिथे दगड ठेवत नाहीत, पणती लावत नाहीत, त्या जागेचं नाव घेत नाहीत. वाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं एखादं तरी तिथे आहे. यशवंत फावडं घेऊन गेला, परत येऊन हातपाय धुतले आणि ओसरीवर बसला. विमलाने विचारलं नाही. पुढचं मूल तरीही झालं नाहीच.

साईशनंतर बायकांनी टिपर अडवायला सुरुवात केली. खेपा निम्म्यावर आल्या तेव्हा कुठे गोकुळदासच्या पोटात गावाविषयी माया दाटून आली. खाणीपासून थेट जेटीच्या रस्त्याला मिळणारा, गावाबाहेरून जाणारा जोडरस्ता हवा, असं तो म्हणू लागला. म्हणणं खोटं नव्हतं. रस्ता हवाच होता. पण सरकारच्या गळी उतरवायला काहीतरी हवं, म्हणून त्याने विमलाला पुढे केलं.

साईशचा धड एक फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत तो कुणाच्या मांडीवर बसलेला सापडला. तेवढाच भाग कापून मोठा करून घेतला. पोराच्या खांद्यावर कुणाच्या तरी बांगड्या घातलेल्या हाताची बोटं तशीच राहिली. तो फोटो छातीशी धरून विमला डिचोलीला गेली, पणजीला गेली, मंत्र्यांच्या दारात उन्हात उभी राहिली.

"नवी साडी नेसू नको गो," गोकुळदास सांगायचा. "आनी पावाचा सांग हां, विसरू नको. पावाचा सांगलस की साहेबाच्या डोळ्यांक पाणी येता."

ती पावाचं सांगायची. पाच वर्षं सांगत राहिली. घरी आली की न जेवता निजायची. बायका मागून म्हणायच्या, हिला आता सवयच झाली आहे. बायकांसारखं कठोर कुणी बोलत नाही, हे मी बाई असून सांगते. पण विमलाला एकच गोष्ट धरून ठेवायची होती. पोर गेलं ते गेलं, निदान त्याच्या जाण्याने दुसऱ्यांची पोरं वाचावीत. त्या रस्त्याला ती मनातल्या मनात साईशचा रस्ता म्हणायची. हे तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं.

शेवटी मोजणी झाली. परराज्यातून माणसं आली, महिनाभर उतारावर फिरली. त्यांनी झाडं मोजली, पक्षी मोजले, व्हाळातले बेडूकसुद्धा मोजले. मग पर्यावरणाची जाहीर सुनावणी शाळेच्या सभागृहात लागली. मी तेव्हा फोंड्याला शाळेत नोकरीला होते, त्या दिवशी गावात नव्हते. माझं नशीब. नाहीतर बाकीच्यांसारखी मीही मान खाली घालून बसले असते. तिथे काय झालं ते मात्र मी विमलाकडून ऐकलं आहे आणि विमलाविरुद्ध बोलणाऱ्यांकडूनही. दोन्हीकडे तसूभर फरक नाही.

भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. एक तरुण काठीने रेघ दाखवत होता. खाण, मग वळण, मग व्हाळावरचा पूल, मग काजूंचा उतार, मग जेटीचा रस्ता. आधीच्या नकाशात रेघ सरळ गोकुळदासच्या कुळागरातून, त्याच्या सुपारीच्या बागेतून जात होती. आता ती बागेला वळसा घालून उतारावर चढली होती. तरुणाने वाचून दाखवलं: जमीन पडीक, खडकाळ. वस्ती नाही, शेती नाही, देवस्थान नाही, माणसांचा कसलाही वापर नाही.

मग गोकुळदासने विमलाला खुणावलं. ती फोटो घेऊन उठली. सगळे पावाची वाट बघत होते.

"साहेब," ती म्हणाली, "थंय माझो झील आसा."

तिथे हिचा मुलगा कसा असेल, ते अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याला कळलं नाही. नकाशावर काठी टेकली होती तिकडे तिने बोट केलं. "थंय पुरलो हा त्येका. माझो एकटो नाय, गावची सगळी भुरगी थंयच आसत. रस्तो होयो साहेब, मीच मागी होतंय. पण थंयसून नको. पयल्या रेघेवरसून न्हेया."

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, जागा दाखवाल? काही खूण, काही दगड?"

ती काय दाखवणार? खूण ठेवायची नाही हाच तर रिवाज. आणि आईला जागा माहीत नसते.

"मका ठावक नाय," ती म्हणाली. "ह्या बापयांक ठावक आसा. त्यांका विचारा."

अधिकाऱ्याने पुरुषांकडे पाहिलं. ज्यांनी ज्यांनी आपल्या हातांनी तिथे माती लोटली होती ते सगळे समोर बसले होते. विठ्ठलची दोन पोरं तिथे होती, कृष्णनाथचं एक. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी चपलेकडे. रेघ बदलली तर आणखी पाच वर्षं गेली, हे त्यांना कळत होतं. रेघ कुणाच्या बागेत शिरेल आणि कुणाच्या टिपरवरची नोकरी जाईल, हेही कळत होतं. आणि मेलेल्या पोरांच्या जागेचं नाव भरसभेत काढायचं म्हणजे अभद्र. भित्र्या माणसांना रिवाजाचा केवढा आधार असतो!

"मुलाचे वडील आहेत का इथे?" अधिकाऱ्याने विचारलं.

यशवंत उठला. गोकुळदास त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. बघायची गरजच नव्हती.

"थंय काय एक नाय, साहेब," यशवंत म्हणाला. "भुरगो गेल्यापासून तिचा मन थाऱ्यार नाय. तिचा काय मनार घेव नकात."

मागून बायकांपैकी कुणीतरी चुकचुकलं. विमला खाली बसली. फोटो उपडा करून मांडीवर ठेवला. त्या दिवशी ती रडली नाही, हे सगळ्यांनी आठवणीने सांगितलं, जणू तिने काही फसवणूकच केली होती.

दीड वर्षात रस्ता झाला. उद्घाटनाला मी होते. कमानीवर मोठा फलक होता. एका बाजूला गोकुळदास हात जोडून, दुसऱ्या बाजूला साईश, खांद्यावर त्या परक्या बोटांसकट. विमलाला शाल दिली. तिच्या हस्ते नारळ फोडायचं ठरलं होतं.

तिने नारळ घेतला आणि यशवंतकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "खंय?"

यशवंतने रस्त्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. काजू कापले होते. उतार खणून सपाट केला होता. सगळीकडे सारखंच काळं डांबर. मग त्याने कुठेतरी बोट दाखवलं. ते उगीच दाखवलेलं बोट आहे हे मला कळलं, तर तिला कळलं नसेल?

विमलाने नारळ त्याच्या हातात दिला. चपला काढल्या आणि कमानीखालून चालू लागली. गोकुळदास हाका मारत राहिला. ती जेटीच्या रस्त्यापर्यंत गेली, तशीच परत आली.

आजही जाते. रोज सकाळी, अनवाणी, डांबरावरून, रस्त्याच्या बरोबर मधून. कुठे पाय ठेवायचा नाही ते तिला माहीत नाही, म्हणून ती सगळीकडेच जपून ठेवते. परगावचे ड्रायव्हर समजतात, बाईचा काही नवस असेल. हॉर्न मारतात, ती बाजूला होते.

यशवंतचा टिपर आला की मात्र ती बाजूला होत नाही. तोही हॉर्न मारत नाही. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्यामागून तिच्या चालीने येत राहतो, आणि त्याच्यामागे खोळंबलेले सगळे टिपर बोंबलत असतात.